खालून येणारा भार



पूल का पडतो, असं आपल्याकडे कुणालाही विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. ओझं पेललं नाही, पुराने पाया उकरला, नाहीतर ठेकेदाराने सिमेंट खाल्लं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला, तेव्हाही चर्चा याच वाटांनी गेली, आणि ते स्वाभाविक होतं. आज ज्या पुलांविषयी मी बोलणार आहे, त्यांना मात्र यातलं एकही उत्तर लागू पडत नाही. त्यांचे खांब बहुतांशी शाबूत राहिले. काँक्रीट धड होतं. वादळाच्या इशाऱ्यामुळे वाहतूक जवळजवळ थांबलेली होती, म्हणजे वरून ओझंही नव्हतं. तरीही खांबांवर निवांत बसलेले दोन-दोनशे टनांचे गाळे पाण्यात जाऊन पडले. हे कसं झालं आणि पुन्हा पुन्हा का होऊ दिलं गेलं, एवढाच आजचा विषय. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना हरकती जमवायला वेळ मिळेल. किनाऱ्यावरच्या पुलाला सगळ्यात घातक भार वादळाच्या रात्री खालून येतो. तो टाळण्याचा खात्रीचा उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे उंची. ही उंची नकाशा कागदावर असतानाच ठरते. नंतर पश्चात्ताप करता येतो, पूल वर उचलता येत नाही.

अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर घ्या. त्याच्या उत्तरेला पाँचरट्रेन नावाचं सरोवर आहे. नावाला सरोवर, खरं तर समुद्राला जोडलेलं, सरासरी चार मीटरही खोल नसलेलं उथळ निमखारट पाणी. त्याच्या पूर्वेकडच्या भागावरून ‘ट्विन स्पॅन्स’ या नावाने ओळखले जाणारे दोन समांतर पूल 1960 च्या दशकात बांधले गेले. रचना साधी, स्वस्त आणि जगभर रुळलेली. पाण्यात ओळीने खांब, दर दोन खांबांवर सुमारे वीस मीटरचा एक सुटा गाळा, खाली काँक्रीटचे गर्डर आणि वर स्लॅब. गाळा बेअरिंगवर, म्हणजे खांबावरच्या आधाराच्या गादीवर, टेकलेला. त्याला खाली घट्ट धरून ठेवील असं फारसं काही नाही, कारण तशी गरजच कुणाला वाटली नव्हती. एवढी जड वस्तू जाणार कुठे? 29 ऑगस्ट 2005 ला कॅटरिना वादळ आलं. पाणी ओसरल्यावर मोजदाद झाली, तेव्हा दोन्ही पुलांचे मिळून 64 गाळे पाण्यात होते आणि चारशेहून अधिक गाळे जागचे सरकले होते. सरकलेल्या गाळ्यांची ती तिरपी, दात वाकल्यासारखी रांग वरून काढलेल्या छायाचित्रांत स्पष्ट दिसते. त्याच पाण्यावरचा 1928 सालचा दुसरा रस्तापूल मात्र टिकला, आणि पुढचे काही आठवडे त्या बाजूने शहराकडे जाणारी वाहतूक त्या म्हाताऱ्यानेच वाहिली. तेव्हा वयावर खापर फोडायची सोय नाही.

मग नेमकं घडलं काय? आधी समुद्राकडे पाहू. वादळाच्या पोटात हवेचा दाब उतरतो आणि समुद्र थोडा फुगतो. दाब एक मिलिबार उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं. कॅटरिना जमिनीवर आलं तेव्हा त्याच्या केंद्रातला दाब 920 मिलिबारच्या आसपास होता, म्हणजे नेहमीपेक्षा नव्वदेक कमी. यातून पाणी चढणार ते जेमतेम 90 सेंटिमीटर. आणि प्रत्यक्षात मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर पाणी किती चढलं? साडेआठ मीटरच्या घरात! उरलेला सगळा चढ वाऱ्याचा आणि उथळ तळाचा. वारा तासन् तास पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो; खोल समुद्रात ते तळाकडून परत फिरतं, उथळ समुद्रात परतीची वाट मिळत नाही, म्हणून ते साचत जातं. याला आपण वादळी फुगवटा म्हणू. ही एखादी उसळती लाट नव्हे. समुद्राची अख्खी पातळीच काही तासांसाठी वर सरकलेली असते.

नुसत्या या फुगवट्याने पूल पडत नाही. त्याचं खरं काम वेगळं आहे, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण हा मुद्दा अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटतो. उथळ पाण्यात लाट हवी तेवढी उंच होऊ शकत नाही. पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊण पटीपेक्षा थोडी उंच झाली की ती फुटते. म्हणजे तीन मीटर खोल खाडीत सव्वादोन मीटरच्या आसपास लाटेची मर्यादा आली. आता त्याच खाडीत तीन मीटरचा फुगवटा आला असं धरा. खोली झाली सहा मीटर, आणि लाटेची मर्यादा साडेचार मीटरच्या पुढे गेली. पाणी तर चढलंच, शिवाय एरवी ज्या लाटा बाहेरच फुटून विरायच्या त्यांना आत यायला दार उघडलं. पुलाची उंची ठरवताना नेहमीच्या भरतीची रेघ काढून वर ‘थोडी मोकळीक’ ठेवणारा माणूस हा दुहेरी हिशेब विसरतो. त्याची थोडी मोकळीक पहिल्या दोन-तीन तासांतच संपते, आणि मग लाटांचे माथे थेट गर्डरला भिडू लागतात.

आता गाळ्याच्या पोटाखाली चला. दोन गर्डरांच्या मधे वर स्लॅब, दोन्ही टोकांना आडव्या काँक्रीटच्या भिंती, खाली उघडं. लाट खालून चढते तेव्हा त्या कप्प्यातल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. पातेलं पालथं घालून पाण्यात दाबून पाहा, हाताला जो विरोध लागतो तोच हा. ढोबळ हिशेब करू. असल्या पुलाच्या एक चौरस मीटर भागाचं वजन, स्लॅब आणि गर्डरांचा वाटा धरून, पाऊण टनाच्या आसपास भरतं. गर्डर एक मीटर खोल असले आणि कप्प्यातली हवा कोंडून पाणी स्लॅबच्या पाठीपर्यंत आलं, तर त्याच चौरस मीटरवर पाणी खालून एक टनाहून जास्त रेटा देतं. म्हणजे गाळा तरंगायलाच आला. हा झाला संथ रेटा. त्यावर प्रत्येक लाटेचा माथा गर्डरवर आदळताना क्षणभराचा, पण फार मोठा ठोसा बसतो. गाळा एका दणक्यात उडत नाही. एक लाट त्याला बेअरिंगवरून किंचित उचलते आणि त्याच श्वासात बाजूला ढकलते. लाट उतरली की तो बोटभर सरकून बसतो. पुढच्या लाटेला पुन्हा तेच. वादळाच्या काही तासांत अशा शेकडो लाटा येतात. शेवटी गाळ्याची कड खांबाच्या टोपीवरून सुटते आणि तो पाण्यात जातो. ट्विन स्पॅन्सवर सरकून अर्धवट थांबलेले गाळे हीच कथा सांगत होते.

कुणी म्हणेल, हा तर्क झाला, पुरावा काय? पुरावा मिसिसिपीच्या किनाऱ्यावर उभा होता. बिलॉक्सी आणि ओशन स्प्रिंग्स या दोन गावांमधला खाडीपूल त्याच वादळात पडला. पण सगळा नाही. जहाजांच्या वाटेजवळचे, उंचावर चढलेले गाळे जागेवर राहिले. दोन्ही बाजूंचे पाण्यालगतचे सखल गाळे एकामागून एक खाली गेले. पूल एक, वादळ एक, काँक्रीट एक, बांधणारे हात एक. फरक फक्त उंचीचा. निसर्गाने इतका नेटका प्रयोग क्वचितच करून दाखवला असेल. उंच गाळ्यांना कुणी साखळदंडांनी बांधलेलं नव्हतं. लाट तिथवर पोचली नाही, एवढंच.

ही गोष्ट 2005 मध्ये पहिल्यांदा उमगली असती, तर मी अभियंत्यांच्या बाजूने बोललो असतो. पण अकरा महिने आधी, सप्टेंबर 2004 मध्ये, आयव्हन वादळात फ्लोरिडातल्या एस्कॅम्बिया उपसागरावरच्या महामार्गाचे 58 गाळे अगदी याच रीतीने पडले होते. 1979 च्या फ्रेडरिक वादळात अलाबामातल्या डॉफिन बेटाचा पूल गेला. 1969 च्या कॅमिल वादळाने मिसिसिपीच्या याच पट्ट्यात पुलांना तडाखा दिला होता, आणि त्यानंतर तिथल्या विद्यापीठात लाटा पुलाला खालून किती रेटा देतात याचे प्रतिकृतींवर प्रयोगही झाले. म्हणजे ज्ञान होतं, अनुभव होता, पडलेले गाळेही होते. काय नव्हतं? ते ज्ञान नियमांच्या पुस्तकात बसलेलं नव्हतं. 1879 मध्ये स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल वादळी वाऱ्यात आगगाडीसकट कोसळला. तेव्हापासून वाऱ्याचा भार हिशेबात धरल्याशिवाय पूल बांधायची कुणाची छाती झाली नाही. खालून येणाऱ्या लाटेला असा मान मिळायला सव्वाशेहून अधिक वर्षं जावी लागली. अमेरिकेतल्या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने किनारी वादळांच्या तोंडावरच्या पुलांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली ती 2008 साली.

आणि आपण? आपल्याकडे तर ही घटना चाळीस वर्षं आधी घडून गेली होती. 22 आणि 23 डिसेंबर 1964 च्या मधल्या रात्री रामेश्वरच्या वादळाने धनुष्कोडी गाव पुसून टाकलं. पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर गाडी समुद्राने गिळली. ही गाडी रामेश्वर बेटाला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या पांबन पुलावरून पडली असं अजूनही सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. ती बेटावरच, धनुष्कोडीच्या अलीकडे बुडाली. पुलाचं जे झालं ते वेगळं आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने जास्त बोलकं आहे. 1914 साली वाहतुकीला खुला झालेला, दोन किलोमीटरहून लांब असा हा रेल्वेपूल. त्याच्या 145 गाळ्यांपैकी 126 गाळ्यांचे पोलादी गर्डर समुद्रात गेले. जहाजांसाठी उघडणारा मधला भाग राहिला, आणि खांबही बव्हंशी उभे राहिले. इथे काँक्रीटचे कप्पे नव्हते, कोंडलेली हवा नव्हती. उघड्या पोलादी सांगाड्यातून पाणी आरपार जात होतं. तरीही गर्डर गेले. म्हणून माझ्या हिशेबात पांबनचं मोल मोठं. हवेचा सापळा हे संकट वाढवणारं कारण आहे. मुळातलं कारण, लाटेच्या वाटेत पूल आडवा ठेवणं, हे त्याच्याशिवायही पुरेसं पडतं.

पांबनचा पुढचा भाग सगळ्यांना पाठ आहे. तरुण अभियंते ई. श्रीधरन यांच्यावर दुरुस्तीची जबाबदारी आली, रेल्वेने सहा महिन्यांची मुदत ठरवली होती, आणि समुद्रात पडलेले गर्डर शोधून, वर काढून त्यांनी पूल 46 दिवसांत चालू केला. हेच श्रीधरन पुढे कोकण रेल्वेचे शिल्पकार झाले, हे इथे वेगळं सांगायला नको. योगायोग असा की, ट्विन स्पॅन्सवरही एका पुलाचे धड गाळे उचलून दुसऱ्याच्या रिकाम्या जागांत बसवले गेले आणि 14 ऑक्टोबर 2005 ला, म्हणजे वादळानंतर बरोबर 46 व्या दिवशी, त्यावरून वाहतूक सुरू झाली. या पराक्रमांना नमस्कार. पण पराक्रमाची एक अडचण असते. आपण शूराची गोष्ट सांगत बसतो आणि त्याला शूर व्हावं का लागलं, हा प्रश्न बाजूला राहतो. पांबनचे गर्डर त्याच खांबांवर, त्याच उंचीवर परत बसले. जुन्या पुलापेक्षा तीन मीटर उंच असा नवा पांबन पूल उद्घाटनाला आला तो 6 एप्रिल 2025 ला. वाऱ्याचा मात्र बंदोबस्त जुन्या पुलावर चोख होता: वेग ताशी 58 किलोमीटरच्या वर गेला की गाडी थांबवायची, असा दंडक. वारा मोजला, कारण तो वरून लागतो, दिसतो, गाडीला हलवतो.

आता हरकती. पहिली हरकत सोपी वाटते: उंचीवर पैसा कशाला घालायचा? गाळे खांबांना बांधून टाका, पोलादी पट्ट्या लावा, स्लॅबला भोकं पाडून हवा जाऊ द्या. हे सगळे उपाय खरे आहेत आणि जुन्या, सखल पुलांसाठी ते करावेतच. भोकांनी संथ रेटा कमी होतो. ठोसा फारसा कमी होत नाही. बांधणीचं गणित तर आणखी अवघड. गाळा सुटला नाही की लाटेचा सगळा रेटा खांबात आणि तिथून पाइलमध्ये, म्हणजे तळाच्या जमिनीत खोल घातलेल्या खुंटात, उतरतो. पाइल वरचं वजन खाली पोचवण्यासाठी घातलेली असते. तिला मातीतून वर उपसणारी ओढ आणि खांबाला वाकवणारा मार ही निराळीच कामं. ती आधीपासून हिशेबात नसतील तर आपण गाळा वाचवायला जाऊ आणि पाया घालवून बसू. पांबनचा पूल 46 दिवसांत उभा राहिला तो खांब वाचले म्हणून, हे विसरू नका.

याच्यावरून दुसरी, जास्त चतुर हरकत निघते. गाळे पडणं हेच मग बरं नाही का? स्वस्त भाग जाऊ द्या, महागडा पाया राखा. मला या म्हणण्यात तथ्य वाटतं, पण ठरावीक पुलांपुरतं. जवळ दुसरी वाट असेल, वाहतूक थोडी असेल, तर असा सौदा करायला हरकत नाही. पण बेटाचा एकमेव पूल, किंवा मागच्या गावांना इस्पितळापर्यंत नेणारा एकमेव पूल? वादळ चालू असताना पुलावर कुणी जात नाही हे खरं. त्याची गरज लागते दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा रुग्णवाहिका, पिण्याचं पाणी, विजेचे खांब सगळं त्याच वाटेने जायचं असतं. नेमका त्या सकाळी जो नसतो, त्या पुलाची 46 दिवसांची दुरुस्तीसुद्धा 46 दिवस उशिरा येते.

तिसरी हरकत आपल्या घरची आहे. कोकण म्हणजे मिसिसिपी नव्हे. अरबी समुद्रात साडेआठ मीटरचे फुगवटे येत नाहीत. बरोबर. आपल्या किनाऱ्यावरची वादळं कमी आणि फुगवटे लहान, हे मी मान्य करतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा हवामान खात्याचा इशारा भरतीच्या वर एक ते दोन मीटरचा होता. पण आपली भरती? मेक्सिकोच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक अर्ध्या मीटरच्या आसपास खेळतो. मुंबईला उधाणाच्या दिवशी तो साडेचार-पाच मीटरला जातो. तिथे वादळ केव्हाही आलं तरी पाणी जवळपास तेवढंच; इथे तेच वादळ ओहोटीच्या तळाला आलं तर खाजणही भिजणार नाही, आणि उधाणाच्या ऐन भरतीला आलं तर दोन मीटरचा फुगवटा आपल्या माहितीतल्या सगळ्यात वरच्या रेघेवर जाऊन बसेल. निसर्ग आलं ते वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी. अरबी समुद्र शांत आहे म्हणणाऱ्यांनी जून 1998 चं कांडला बंदरही आठवावं. तिथे फुगवट्याच्या पाण्याने शेकडो माणसं नेली. शिवाय समुद्राची सरासरी पातळी वाढते आहे. तिचं भय मी आज घालणार नाही, कारण तिच्याशिवायही माझा युक्तिवाद पूर्ण आहे.

राहिला पैसा. ‘शंभर वर्षांत एकदा येणारी लाट’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. पंचाहत्तर वर्षं जगणाऱ्या पुलाच्या आयुष्यात ती लाट एकदा तरी येण्याची शक्यता 53 टक्के निघते, नाणं उडवण्यापेक्षा थोडी जास्तच. अमेरिकी मार्गदर्शिका त्या लाटेच्या माथ्याच्याही वर किमान एक फूट गाळ्याचं पोट ठेवायला सांगते, आणि ते शक्य नसेल तिथे लाटेचा पूर्ण रेटा हिशेबात धरायला सांगते. पाँचरट्रेनवरचा नवा पूल पाण्यापासून नऊ मीटरवर गेला. जुना होता तीन मीटरच्या आतबाहेर. खर्च मोठा आला, कारण तो दुसऱ्यांदा बांधावा लागला. नव्या पुलाचे खांब नकाशावर असतानाच दोन-तीन मीटरने वाढवायला किती लागतं, हे कोणत्याही अंदाजपत्रकात पाहा. पायाच्या खर्चापुढे तो आकडा किरकोळ असतो.

कोकणात या घटकेला हा प्रश्न पुस्तकी नाही. रेवस-कारंजा, आगरदांडा-दिघी, दाभोळ, जयगड: सागरी महामार्गाने खाड्यांची मुखं ओलांडायची आहेत, आणि खाडीचं मुख ही लाटेला सगळ्यात सोपी जागा. या पुलांचा मधला भाग बोटी आणि बार्ज जाव्यात म्हणून उंच राहणारच. त्याची काळजी मला वाटत नाही. बिलॉक्सीतही मधला भाग राहिलाच होता. माझी नजर आहे दोन्ही काठांकडे उतरत जाणाऱ्या गाळ्यांवर आणि त्यांना जोडणाऱ्या मातीच्या भरावांवर. तिथे जमीन संपादन करायची असते, मच्छीमारांच्या होड्यांची जागा असते, गावातल्या रस्त्याला पूल लवकर भेटावा असा आग्रह असतो. म्हणून उतार तीव्र करून गाळे लवकर खाली आणले जातात, अगदी पाण्यावर. हे कुणी वाईट हेतूने करत नाही. पण नकाशावर तिथे लाटेच्या माथ्याची रेघ काढलेली असली, तर निदान चर्चा तरी त्या रेघेवरून होईल.

आणि ती रेघ काढायला आकडे लागतात. मुंबईत अपोलो बंदरावर भरतीची पातळी 1878 पासून नोंदली जाते आहे. जगातल्या जुन्या नोंदींत तिची गणना होते. पण मुंबईची नोंद दाभोळच्या खाडीला जशीच्या तशी चालत नाही. प्रत्येक खाडीचा तळ, तिचं तोंड, तिच्यात उतरणारी नदी निराळी. वादळ पावसाळ्याच्या तोंडाशी आलं तर वरून नदीचं पाणीही येतं. तेव्हा अभियंत्यांकडे माझी मागणी लहान आहे. ज्या खाडीत खांब उभा राहील, त्या प्रत्येक खाडीत पहिल्याच खांबावर पाण्याची पातळी आणि लाटांची उंची मोजणारं यंत्र बसवा, पूल पुरा व्हायची वाट न पाहता. काम चालू असतानाचे तीन-चार पावसाळे आणि कदाचित एखादं वादळ त्यात नोंदलं जाईल, आणि काठाकडचे शेवटचे गाळे टाकायची वेळ येईल तोवर त्यांची उंची अंदाजाने ठरवायची गरज उरणार नाही.